निंगव्वाचा अंगठा

गेल्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. खिडकीतल्या बाईंनी ते छोटं यंत्र पुढं सरकवलं, मी अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. परत ठेवा म्हणाल्या. परत लाल. शर्टाला पुसून तिसऱ्यांदा ठेवला, तरी लालच. मागं उभे असलेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, नक्की आहात ना?" रांग हसली, मीही हसलो. चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला आणि मी जिवंत ठरलो. पण रंकाळ्याच्या कडेनं घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच बाई होती. ती तिथं असती तर तिनं नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं.

मी ग्रामसेवक होतो. आमच्याकडं ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणतात; मानानं म्हणतात की काम काढून घ्यायला, हे तीस वर्षांत मला कळलं नाही. त्यातली सात वर्षं मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावात काढली. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर दादांची माणसं अजून दारात येतील, आणि या वयात मला पळवत नाही.

गाव उसाचं, कृष्णेच्या काठचं, आणि दोन गटांत उभं चिरलेलं. एका गटाचे पुढारी दादा, दुसऱ्याचे अण्णा. दोघं सख्खे चुलतभाऊ, एकाच आज्याचे नातू, आणि एकमेकांच्या दारावरून जाताना मान उलटीकडं वळवणारे. दोघांची मतं इतकी तोलामोलाची होती की गावाचा निकाल गावात लागतच नसे. तो लागायचा नदीच्या अगदी काठाला, बुरूड गल्लीत. एकोणीस घरं. बांबूच्या पाट्या, सुपं, दुरड्या विणणारी माणसं. घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी. पाच वर्षांत चार वर्षं अकरा महिने त्या गल्लीत कुणी पांढऱ्या कपड्यातला माणूस पाऊल टाकत नसे. उरलेल्या महिन्यात तिथल्या म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीची दोन्ही गटांना एवढी काळजी लागायची की गल्लीत गाड्या वळवायला जागा उरत नसे.

निंगव्वा त्या गल्लीतली. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते पंचायतीच्या व्हरांड्यात. पन्नाशीची, बुटकी, कपाळाला विभूती, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि मांडीवर अर्धवट विणलेली दुरडी. कुठंही गेली तरी तिच्याबरोबर बांबू चिरून काढलेल्या ओल्या कामट्यांची जुडी असायची. तलाठ्याकडं, दवाखान्यात, तालुक्याला, जिथं थांबावं लागेल तिथं ती खाली बसून विणायला लागायची. आमचा शिपाई कचरा होतो म्हणून ओरडायचा. ती म्हणायची, "मला लवकर सोडा, कचरा व्हईत न्हाय." एकदा मी तिला विचारलं की बाई, घटकाभर स्वस्थ का बसत नाहीस? तर म्हणाली की रिकामं बसलं की हात गंजतात. आणि सरकारी कचेरीत आम्हाला जितकं बसवून ठेवतात, तेवढ्यात माझ्या चार दुरड्या होतात, हेही हिशेबात धरा.

तिचे हात बघण्यासारखे होते. म्हणजे बघवत नव्हते. लहानपणापासून बांबू चिरून चिरून तिच्या बोटांवर इतक्या कापल्याच्या खुणा होत्या की मूळची कातडी कुठली हे कळू नये. उजव्या अंगठ्याचं टोक तर गुळगुळीत झालं होतं. हा अंगठा लक्षात ठेवा.

कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. बोलणं कमी. पण तिचा एक शब्द ठरलेला होता. कुणी अपमान केला, कुणी फसवलं, गल्लीतली बाई रडत आली, की निंगव्वा म्हणायची, "भिजू दे." वाळलेला बांबू वाकवायला गेलं की मोडतो आणि हाताला चिरतो. तो पाण्यात टाकून ठेवायचा. एक दिवस, दोन दिवस, लागतील तेवढे. मग तो पाहिजे तसा वळतो. तिच्या धंद्यातली ही पहिली शिकवण, आणि तिनं ती माणसांनाही लावली होती. मी आयुष्यात पुष्कळ रागीट माणसं पाहिली. घटकेत भडकणारी, घटकेत विझणारी. निंगव्वाइतका सावकाश राग मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

गावच्या बाजारात एक दुकानदार होता. त्यानं एकदा तिच्या पाट्या वाटेत आहेत म्हणून पायानं उडवल्या. ती त्या गोळा करून बाजूला बसली. तीन वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नात बुरडाच्या घरचं नवं सूप आणि दुरडी लागते, आणि ती गावच्या बुरडाकडूनच आणायची, ही आमच्याकडची रीत. दुकानदार सकाळी आठला तिच्या दारात आला. तिनं त्याला बसायला पोतं टाकलं, चहा दिला, आणि सांगितलं की कामट्या अजून भिजतायत. दहा वाजले. भिजतायत. बारा वाजले. त्याच्या घरून दोनदा निरोप आला, हळदीच्या बायका खोळंबल्या होत्या. दोन वाजता तिनं सूप विणून दिलं आणि ते त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवून पायानं पुढं सरकवलं. त्यानं वाकून ते उचललं. सूप मात्र उत्तम होतं. कामात तिनं कधी कुणावर सूड घेतला नाही.

आता दादा. दादांबद्दल मी निष्पक्षपणे लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही. गोरापान माणूस, आवाज मऊ, कुणालाही 'बाळ' म्हणणार आणि बाळाच्या हातातलं काढून घेणार. मी गावात येण्याआधीच्या निवडणुकीत त्यांनी बिरोबाच्या देवळात बेलभंडारा उचलला होता. आमच्याकडं दिलेला शब्द पक्का करायचा तर देवापुढं तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेऊन बोलायचं. मग तो शब्द मोडत नाहीत. दादांनी शब्द दिला होता की बुरूड गल्लीची सगळी मतं मिळाली तर एकोणीस घरांना गायरानात जागा देतो. गायरान म्हणजे गावाच्या मागचा माळ, गावातली एकमेव उंच जागा. कृष्णा चढली की सगळ्यांच्या आधी गल्ली बुडायची, सगळ्यांच्या शेवटी निघायची. त्यांना दुसरं काही नको होतं. एकोणीस घरांपुरता तो माळाचा तुकडा हवा होता. मतं मिळाली, दादा जिंकले आणि गायरानात दादांच्या म्हशींचा गोठा झाला.

मी तिथं असताना मोठा पूर आला. गल्लीतली सगळी घरं बसली. पंचनाम्याची यादी करायला मीच होतो. दादांनी मला घरी बोलावून मऊ आवाजात सांगितलं की ती घरं नदीच्या हद्दीत आहेत, अतिक्रमण आहे, तुम्ही उगाच अडचणीत येऊ नका. मी एकोणीस घरं यादीबाहेर ठेवली. हे मी केलं. निंगव्वा तेव्हा व्हरांड्यात येऊन बसली होती. यादी वाचून झाल्यावर तिनं मला विचारलं की आमचं नाव न्हाय का? मी खाली मान घालून म्हटलं, वरून आदेश आहे. वरून म्हणजे दादांच्या माडीवरून. ती दुरडी उचलून निघून गेली.

त्यानंतर रेशन दुकानात अंगठ्याची यंत्रं आली. दुकान दादांचा मेहुणा वसंता चालवायचा. निंगव्वाच्या अंगठ्याला रेषाच उरल्या नव्हत्या, यंत्राला तो अंगठा कळेना. अशा माणसासाठी दुसरी सोय असते, वहीत नोंद करून धान्य देता येतं; वसंताला ते माहीत होतं आणि मलाही. पण मधल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत गल्लीनं अण्णांच्या माणसाला मतं दिली असा दादांच्या घरात संशय होता. वसंता तिला तीनदा अंगठा ठेवायला लावायचा, रांगेतल्या बायकांकडं बघून हसायचा आणि म्हणायचा, "उठंना की. उद्या ये." हे पाच महिने चाललं. निंगव्वा एकदाही भांडली नाही. फक्त दर वेळी रेशनकार्ड पुढं करायची आणि म्हणायची की अंगठा उठत न्हाय असं लिवून तरी दे. वसंताला त्यातही मजा वाटायची. तो कार्डाच्या मागच्या पानावर झोकात लिहायचा, 'अंगठा जुळत नाही', आणि खाली सही ठोकायचा. त्या पाच महिन्यांत तिची सासू तायव्वा गेली. भुकेनं गेली असं मी म्हणणार नाही, म्हातारी होती, आजारी होती. पण घरात तेव्हा एक वेळची चूल पेटत होती हे मला ठाऊक होतं आणि मी तक्रारीचा एक कागद लिहिला नव्हता.

तायव्वाच्या तिरडीचे बांबू निंगव्वानं स्वतः चिरले. मी खांदा द्यायला नाही, पण उभा राहायला गेलो होतो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला म्हणाली, "भिजू दे, भाऊसाहेब."

राज्य मुंबईतून चालतं, देश दिल्लीतून चालतो, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मला विचाराल तर बुरूड गल्लीपुरतं राज्य म्हणजे माझी यादी, वसंताचं यंत्र आणि दादांची माडी. यादीत नाव नसलं की माणूस पुरात सापडलेलाच नसतो. यंत्राला अंगठा कळला नाही की त्याला भूकही लागलेली नसते. पण या राज्याला एक खोडही आहे. त्याला अधूनमधून सोडत काढायची सवय आहे. त्या वर्षी सरपंचपदाची सोडत निघाली आणि ते पद अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव झालं.

दादांच्या माडीवर दोन दिवस बैठका झाल्या. दुसऱ्या एका वस्तीत शिकलेल्या, बोलणाऱ्या बायका होत्या. दादांना नेमक्या त्याच नको होत्या. बुरूड हे अनुसूचित जातीतच येतात. दादा म्हणाले की निंगव्वा बरी, बोलत नाही, वाकते. तिला विचारायला स्वतः दादा गल्लीत आले. ती लगेच हो म्हणाली. एरवी वर्ष-वर्ष तालुक्याच्या पायऱ्या झिजवून न मिळणारा तिचा जातीचा दाखला पंधरा दिवसांत घरपोच आला.

पण दादा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तिला बिरोबाच्या देवळात बोलावलं. दादा, वसंता, गटातली चार माणसं आणि मी. मला कागद घेऊन यायला सांगितलं होतं. त्या कागदावर मी माझ्या हातानं राजीनामा लिहिला: मी स्वखुशीने, वैयक्तिक कारणास्तव, सरपंचपदाचा राजीनामा देत आहे. तारखेची जागा कोरी. ती ऐकायची थांबली की दादा तारीख घालणार आणि कारभार त्यांच्या पुतण्याकडं, म्हणजे उपसरपंचाकडं जाणार. माझी बदली, माझी बढती, माझ्या चौकशा सगळं दादांच्या हातात होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो.

तिच्या तळहातावर बेल ठेवला, भंडारा ठेवला. दादांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, असं तिनं म्हटलं. मग शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा दाबला, कागदावर टेकवला आणि जरा रेटला. कागदावर नुसता निळा ठिपका उठला, एकही रेघ नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "उठला का ओ, भाऊसाहेब?"

मी म्हटलं, उठला.

ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग कपाळाला भंडारा लावून निघून गेली. वसंतानं साक्षीदार म्हणून खाली सही केली. दादांनी कागद घडी करून खिशात घातला. अंगठा म्हणजे अंगठा, त्यात बघायचं काय, असं त्या सगळ्या शहाण्यांना वाटलं. ज्यानं पाच महिने तोच अंगठा यंत्रावर हाणून पाडला, त्या वसंतालाही तसंच वाटलं.

सरपंच झाल्यावर पहिल्या बैठकीत मी पॅड पुढं केला तर तिनं तो बाजूला सारून पेन मागितलं आणि कानडीत ठसठशीत सही केली. कानडी शाळेत चार यत्ता शिकलेली निघाली. दादा हसून म्हणाले, वा, शिकली की आमची निंगव्वा. तीही हसली. पुढं वर्षभर दादा सांगतील तो ठराव, दादा सांगतील तिथं सही. अण्णांची माणसं तिला दादांची बाहुली म्हणायची. ती बैठकीतही मांडीवर दुरडी घेऊन बसायची. मला वाटलं, संपलं. हीही वाकली.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आली. त्याच्या आधी आठ दिवस निंगव्वा अण्णांच्या घरी जाऊन आली होती, हे फक्त मला ठाऊक होतं, कारण परतीच्या वाटेवर मी तिला भेटलो. मी घाबरून विचारलं की अण्णांवर विश्वास कसा ठेवलास? ते तर तुझ्या गल्लीला कधी विचारत नाहीत. तिनं चालता चालता सांगितलं, "अण्णाला आमचं काय पडलंय? त्यास्नी दादाची जिरवायची हाय. जिरवू दे की. आमास्नी जागा पायजे." मात्र अण्णांना तिनं अट घातली होती. सभेत पहिला हात त्यांनी स्वतः वर करायचा, बसल्या जागेवरून नव्हे, उभं राहून. आयुष्यभर ज्यांनी बुरडाच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं त्या अण्णांना बुरूड बाईच्या ठरावाला उभं राहून हात वर करायला लावणं, ही तिची अण्णांच्या वाटणीची परतफेड होती.

ग्रामसभेत दादांनी पाठवलेले विषय संपले आणि ती म्हणाली, ऐनवेळचा विषय हाय. गायरानातला गोठा बेकायदेशीर आहे, तो काढून ती जागा बुरूड गल्लीच्या एकोणीस घरांना द्यावी असा ठराव जिल्ह्याला पाठवावा. अण्णा उभे राहिले. त्यांच्या मागं त्यांचा सगळा गट. शिकलेल्या बायकांची ती वस्ती अख्खी. गल्ली तर होतीच. ठराव मी माझ्या हातानं लिहिला. लिहिताना भीती होती, पण त्यात आनंदही होता, तो लपवत नाही.

चौथ्या दिवशी दादांनी राजीनाम्यावर तारीख घालून तो तालुक्याला पाठवला. निंगव्वानं तक्रार केली आणि चौकशी कोल्हापूरला, मोठ्या कचेरीत लागली. मी दप्तर घेऊन हजर होतो. दादांनी वकील दिला होता. वसंता साक्षीला. जिन्याजवळ दादा तिला मऊ आवाजात म्हणाले की बेलभंडारा उचलला आहेस निंगव्वा, बिरोबा बघतोय. ती तिथं खाली बसून विणत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू दे की. पर आधी तुमचा भंडारा बघंल, दादा. तुमचा नंबर माझ्या म्होरं हाय."

आत साहेबांनी तिला विचारलं की हा अंगठा तुमचा आहे का? मला वाटलं ती सरळ नाही म्हणेल. तिनं तेही केलं नाही, देवळात झालेल्या गोष्टीबद्दल ती खोटं बोलली नाही. तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढलं, मागचं पान उघडून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. वसंताच्या अक्षरात पाच ओळी आणि पाच सह्या. मग म्हणाली:

"साहेब, ह्यो वसंता म्हणतोय ह्यो माझा अंगठा हाय. पाच म्हैनं ह्योच वसंता म्हणत हुता, तुझा अंगठा उठत न्हाय. ह्याचं कवाचं खरं धरायचं?"

वसंताच्या तोंडाकडं बघायला मी पैसे देऊन तिकीट काढलं असतं. साहेबांनी खालच्या सेवा केंद्रातून यंत्र मागवलं. तिनं अंगठा ठेवला. लाल. पुन्हा लाल. पुन्हा लाल. वसंता घामानं डबडबला होता. सरकारच्या यंत्राला जो अंगठा कळत नाही तो तुम्ही कुठल्या भिंगानं ओळखलात, असं साहेबांनी त्याला विचारलं. तारखेची शाई वेगळी आहे हेही त्यांनी पाहिलं. वर्षभराच्या दप्तरात तिची कानडी सही आहे, मग या एकाच कागदावर अंगठा का, हेही विचारलं. वकील पाणी प्यायला लागला. राजीनामा रद्द झाला, आणि पाच महिन्यांच्या धान्याची वेगळी चौकशी लागून वसंताचं दुकान गेलं.

अक्षर कुणाचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी दप्तर छातीशी धरून उभा होतो. निंगव्वा माझ्यापासून चार हातांवर होती. एक बोट दाखवलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तिनं दाखवलं नाही. मला वाटलं, तिनं मला माफ केलं. मनातल्या मनात मी तिच्या पाया पडलो आणि त्या दिवसापासून स्वतःला तिच्या बाजूचा माणूस समजायला लागलो.

दादांना तर मी तिच्या बाजूचाच वाटलो. हे डोकं बुरडाच्या बाईचं असू शकत नाही, भाऊसाहेबानंच शिकवलं असणार, असं त्यांनी ठरवलं. महिन्याभरात माझी बदली गगनबावड्याच्या अंगाला झाली, जिथं वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत. बायको कोल्हापुरात आजारी, मी तिकडं. निवृत्तीपर्यंतची वर्षं मी त्या ओल्या खोलीत दादांचं वाईट चिंतत काढली. हे माणसाला शोभत नाही असं म्हणतात. मला शोभलं. दर पावसाळ्यात मी पहिली चौकशी कृष्णेच्या पाण्याची करायचो, आणि ती काळजीपोटी नव्हती.

मधल्या काळात गायरानाचा ठराव मंजूर झाला, गोठा निघाला, एकोणीस घरं माळावर गेली. दादांचं पॅनेल पुढच्या निवडणुकीत पडलं. दादांनी नदीकाठच्या रस्त्यावर नवा बंगला बांधला होता, तो तिथंच राहिला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कृष्णा पुन्हा चढली. आमच्या भागातल्या गावांनी धान्याच्या पिशव्या गोळा केल्या आणि त्या घेऊन मी ट्रॅक्टरवर बसून त्या गावात गेलो. म्हणजे दुसरं कुणीही जाऊ शकलं असतं, मीच मागून घेतलं. गाव पाण्याखाली होतं. सगळं गाव माळावर, बुरडांच्या अंगणात. दादांचा बंगला पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात उभा होता. मी तो लांबून बराच वेळ बघितला.

धान्य निंगव्वाच्या ओट्यावर उतरवलं. ती आता सरपंच नव्हती, पण वाटप तिच्याच हातात होतं. माळ तिचा, रांग तिची. केस पांढरे झाले होते. मला बघून तिनं पोतं टाकलं आणि बसा म्हणाली. आतल्या पडवीत दादांची सून आणि नातवंडं जेवत होती, निंगव्वाच्या सुनेनं त्यांना भाकरी वाढली होती. कालपासून ती तिथंच होती म्हणे.

वाटपाच्या यादीवर पोच घ्यायची होती. ज्याला येईल त्याची सही, नसेल तर अंगठा. रांग सरकत होती आणि रांगेत दादा होते. लुंगीवर, दाढी वाढलेली, पायाला चिखल. त्यांच्या मागं वसंता होता. त्यानं ओट्यावर कोण बसलंय ते पाहिलं आणि हळूच रांगेतून बाहेर पडला. दादांचा नंबर आला. त्यांनी पेनासाठी हात पुढं केला.

निंगव्वा म्हणाली, "सही नको, दादा. अंगठा."

दादांनी हात मागं घेतला. पॅडवर अंगठा दाबून त्यांनी कागदावर टेकवला. चांगला स्वच्छ उठला होता, रेघ न् रेघ दिसत होती, मी शेजारीच बसलो होतो. निंगव्वानं कागद उजेडाकडं धरला. उठला न्हाय, म्हणाली, परत द्या. दादांनी परत दिला. परत तिनं कागद उजेडाकडं धरला. तिसऱ्यांदा दिला. बिरोबाच्या देवळाचा कळस तेवढा खाली पाण्यात दिसत होता.

"उठंना की," ती म्हणाली. "उद्या या."

दादांच्या अंगठ्यावर निळी शाई होती, ती त्यांनी लुंगीला पुसली आणि ते रांगेतून बाजूला झाले. मला हसू आवरेना. इतक्या वर्षांचा ओलावा, ती खोली, बायकोचं दुखणं, सगळं त्या हसण्यात बाहेर पडलं. मी मांडीवर थाप मारून हसलो.

निंगव्वानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. देवळात बघितलं होतं तसंच, जरा जास्त वेळ.

"हसू नका, भाऊसाहेब," ती म्हणाली. "त्या राजीनाम्यावर अक्षर तुमचंच हुतं. आनि अंगठा उठला, असं बी तुमीच म्हनालता. तुमचं अजून भिजतंय."

मग तिनं रांगेतल्या पुढच्या बाईला नाव विचारलं.